चंपाषष्ठी, थँक्सगिव्हिंग आणि केंटकीचे घोडे

मंगळवार

यंदा चंपाषष्ठी बुधवारी आली आणि थँक्सगिव्हिंग लगेच गुरुवारी. असा योग आला की वेगळं आमंत्रण लागत नाही. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. आई-बाबा सासवडहून दादाकडे आलेले, आणि दादा राहतो केंटकीत, लेक्सिंग्टनच्या उत्तरेला जॉर्जटाऊनला. तिथल्या टोयोटाच्या कारखान्यात तो बरीच वर्षं आहे. आईनं त्याच्याकडे प्रतिपदेलाच घट बसवले होते. "तळी उचलायला पाच जण लागतात, या सगळे," एवढाच तिचा निरोप होता. मग न्यू जर्सीहून धाकटी बहीण आणि तिचा नवरा, कोलंबसहून चुलतभाऊ, आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून आम्ही चौघं असे सगळे निघालो.

इंडियाना ओलांडताना पवनचक्क्या आणि कापून मोकळी झालेली मक्याची शेतं यापलीकडे पाहण्यासारखं काही नाही. लुईव्हिलला ओहायो नदीचा पूल लागतो आणि केंटकी सुरू होतं. फ्रँकफर्ट मागे पडल्यावर मात्र जमीन बदलते. हलके चढउतार, नोव्हेंबर संपत आला तरी हिरवं असलेलं गवत, आणि काळ्या फळ्यांची कुंपणं, नजर जाईल तिथपर्यंत. मुलं मागच्या सीटवर घोडे मोजायला लागली, पण थोड्याच वेळात त्यांनी नाद सोडला. घोडे फार होते.

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. घड्याळ एक तास पुढे गेलेलं. वहिनीनं पिठलं-भाकरी आणि ठेचा ठेवला होता. बाबा जेवणाआधीच मला म्हणाले, "इथं घोड्यांच्या कुंपणाला कोपरा नाही, पाहिलंस का?" त्यांना येऊन तीन आठवडे झाले होते, आणि रोज सकाळी ते त्याच रस्त्यानं फिरायला जात होते.

बुधवार, चंपाषष्ठी

सकाळी पहिलं काम वांगी भाजायचं. इथं मिळतात ती मोठी, काळसर जांभळी वांगी. दादानं मागच्या अंगणातली बार्बेक्यूची शेगडी पेटवली आणि चुलतभाऊ थंडीत जाकीट घालून वांगी फिरवत उभा राहिला. साल करपल्याचा वास गल्लीभर गेला असणार. आईनं कणकेचे रोडगे केले, पातीचा कांदा चिरला. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-वांगं बंद असतं, आणि षष्ठीच्या नैवेद्याला ते पुन्हा ताटात येतं. आई सत्तरी ओलांडून गेली तरी हा नेम तिनं परदेशातही सोडलेला नाही. अमेरिकेतल्या दुकानात वांगी बारा महिने समोर असतात, त्यामुळे हा नेम इथं जास्तच कसाचा आहे असं मला वाटतं.

दादाच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे. घोड्यावर बसलेला देव, मागे म्हाळसा, हातात खड्ग, घोड्याच्या पायाशी कुत्रा. माझ्या धाकटीनं तो पहिल्यांदाच जवळून पाहिला. "आजोबा, देवाच्या घोड्याला खोगीर आहे?" तिनं विचारलं. बाबांनी चष्मा लावून टाक हातात घेतला आणि तिला सगळं दाखवलं: लगाम, रिकीब, आयाळ, उचललेला पाय. बाबा घोड्याबद्दल बोलतात ते ऐकीव नसतं. त्यांचे वडील सासवड ते जेजुरी टांगा चालवायचे. सोमवती अमावस्येला आणि चंपाषष्ठीला तर दिवसभर फेऱ्या. बाबा लहानपणी पहाटे उठून घोडीला खरारा करत आणि तिच्या तोंडाला चंदीचा तोबरा बांधत. शाळा त्यानंतर.

दुपारी तळी भरली. ताम्हणात विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याचे तुकडे आणि भंडारा. दादा, चुलतभाऊ, माझा नवरा, बहिणीचा नवरा आणि माझा मोठा मुलगा, असे पाच. मुलगा चौदाचा आहे, त्याची पहिलीच तळी. "सदानंदाचा येळकोट, येळकोट येळकोट जय मल्हार!" तीन वेळा ताम्हण उचललं. घरात गालिचा असल्यामुळे भंडारा मागच्या अंगणात उधळला. वारा होता, त्यामुळे लाकडी कठडा, झाडं, आमचे कोट, सगळं पिवळं. नैवेद्यातला एक रोडगा कुत्र्यासाठी काढतात. शेजारच्या घरी एक म्हातारा लॅब्रेडोर आहे. दादानं आधी शेजाऱ्यांना विचारलं, त्यात कांदा-लसूण नाही हे सांगितलं, आणि मग आईनं तो रोडगा स्वतःच्या हातानं त्याला दिला.

त्यावरूनच शेजारी-शेजारणीशी बोलणं निघालं. त्यांची मुलं यंदा टेक्ससला, घरी दोघंच. वहिनी चटकन म्हणाली, "उद्या आमच्याकडेच या."

गुरुवार, थँक्सगिव्हिंग

जेवण दुपारी तीनला, म्हणून सकाळी आम्ही कीनलँडला गेलो. लेक्सिंग्टनच्या पश्चिमेला 1936 मध्ये सुरू झालेलं हे रेसकोर्स. शर्यती इथं वर्षातून दोनच महिने, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. पण आवार एरवीही लोकांसाठी उघडं असतं. चुनखडीच्या दगडातल्या इमारती, मोठे जुने वृक्ष, आणि पूर्ण शांतता. ज्यांनी महालक्ष्मीचं रेसकोर्स पाहिलंय त्यांना ही जागा बागेसारखी वाटेल.

कीनलँड शर्यतींइतकंच लिलावांसाठी ओळखलं जातं. सप्टेंबरमध्ये वर्षाच्या शिंगरांचा, नोव्हेंबरमध्ये घोड्या आणि पैदाशीच्या जनावरांचा. 1985 च्या जुलैत इथं सिअॅटल डान्सर नावाचं एक शिंगरू 1 कोटी 31 लाख डॉलरला गेलं. शर्यतीत त्यानं पुढे त्यातला अगदी थोडा भाग कमावला. दादानं हे सांगितल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "किंमत आई-बापाची दिली. पळायचं त्या पोराला." मग त्यांनी विचारलं, "आणि त्याला सांभाळायला कोण होतं?" हा प्रश्न त्यांनी पुढे प्रत्येक ठिकाणी विचारला.

परतताना पिसगा पाइक आणि जुन्या फ्रँकफर्ट पाइकवरून गाडी घेतली. केंटकीत येऊन हमरस्त्यानंच परत जाणाऱ्यांनी काहीच पाहिलं नाही, असं मी ठामपणे सांगेन. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना चुन्या-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी भिंती, वरचे दगड उभे लावलेले. या भिंती आयरिश गवंड्यांनी बांधल्या आणि त्यांच्याकडून शिकून गुलामगिरीत असलेल्या कृष्णवर्णीय माणसांनीही. दीडशे-दोनशे वर्षं त्या उभ्या आहेत. त्यांच्या पलीकडे फळ्यांची कुंपणं. दोन कुरणांच्या मध्ये एक मोकळी पट्टी सोडलेली असते, म्हणजे शेजारचे दोन घोडे कुंपणावरून एकमेकांना चावत-लाथाडत नाहीत. आणि बाबांनी पहिल्या रात्री सांगितलं ते खरंच होतं: कोपरे गोलाई देऊन बांधलेले. पळत आलेलं शिंगरू कोपऱ्यात अडकू नये, दुसऱ्या घोड्यानं त्याला तिथं कोंडू नये, म्हणून.

या भागात घोडेच का, याचं उत्तर पायाखाली आहे. खाली चुनखडीचा खडक. त्यातून झिरपलेल्या पाण्यात आणि त्यावर वाढलेल्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस, आणि धावणाऱ्या जनावराला हाडं लागतात. या गवताला ब्लूग्रास म्हणतात. ते कापलं नाही तर वसंतात त्याच्या तुऱ्यांवर निळसर छटा येते. नोव्हेंबरात ते निव्वळ हिरवं होतं.

जेवायला शेजारी आले ते पिकन पाय घेऊन. टेबलावर भाजलेली टर्की, क्रॅनबेरी, मॅश केलेले बटाटे, आणि त्यांच्या शेजारी आदल्या दिवशीचं भरीत, मटार भात, पुरणपोळी. आई-बाबा माळकरी, त्यांचं ताट वेगळं. शेजारीणबाईंनी पुरणपोळीवर तूप घालून घेतलं, दुसऱ्यांदाही.

शेजारीबुवांचं आयुष्य घोड्यांच्या फार्मवर गेलं, हे दादालाही इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. अमेरिकेत शेजारी म्हणजे हात हलवून गाडीत बसणारा माणूस. बाबांनी थेट त्यांचे हात पाहिले आणि मला म्हणाले, "विचार त्यांना, किती वर्षं घोडे केले." चाळीस. मग पुढचे दोन-अडीच तास मी आणि दादा दुभाषे.

त्यांनी जे सांगितलं ते मी शक्य तितकं लिहून ठेवते आहे. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस उत्तर गोलार्धात एकाच दिवशी धरतात, 1 जानेवारीला. जन्म फेब्रुवारीतला असो की मेमधला, पुढच्या 1 जानेवारीला शिंगरू एक वर्षाचं. म्हणून प्रत्येकाला शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला हवं असतं. मोठं, भरलेलं, समवयस्कांच्या पुढे. पण घोडी निसर्गतः दिवस मोठे झाल्यावर, वसंतात माजावर येते, आणि तिचा गर्भकाळ अकरा महिन्यांचा. त्यावर उपाय म्हणून डिसेंबर लागला की गाभण नसलेल्या घोड्यांच्या तबेल्यात दिवे लावतात, दिवस सोळा तासांचा होईल असे. घोडीच्या शरीराला वाटतं वसंत आला, आणि ती फेब्रुवारीच्या मध्याला तयार होते. कृत्रिम रेतन या जातीत अजिबात चालत नाही. तसं जन्मलेलं शिंगरू थरोब्रेड म्हणून नोंदलंच जात नाही. म्हणून नामांकित घोड्याकडे घोड्या गाडीत घालून आणाव्या लागतात, जुलैपर्यंत.

"जानेवारी ते मे मी घरी झोपत नसे," ते म्हणाले. घोडी बहुधा रात्री विते. रात्रपाळीचा माणूस तासातासानं फिरतो. शिंगरू साधारण तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत त्यानं प्यायला हवं. नाही झालं तर डॉक्टरला उठवायचं. बाबा ऐकत होते आणि मान हलवत होते. आजोबांच्या घोडीचं, चंद्रीचं, बाळंतपण गोठ्यात कंदिलाच्या उजेडात झालं होतं, तेव्हा बाबा दहा वर्षांचे. ते त्यांनी सांगितलं. शिंगराच्या खुरांवर जन्मतः एक मऊ आवरण असतं, आईला आतून लागू नये म्हणून. हे दोघांनी एकाच वेळी, एकानं मराठीत आणि दुसऱ्यानं इंग्रजीत, हातानं दाखवत सांगितलं, आणि मला भाषांतर करायची गरज उरली नाही.

शुक्रवार

सगळं कुटुंब केंटकी हॉर्स पार्कला. 1978 मध्ये उघडलेलं, जवळपास बाराशे एकरांचं हे सरकारी उद्यान. 2010 मध्ये जागतिक अश्वक्रीडा स्पर्धा इथं झाली, युरोपबाहेर पहिल्यांदाच. हिवाळ्यात खेळ-प्रात्यक्षिकं कमी असतात, पण गर्दीही नसते. मला तर हा काळ जास्त आवडला.

दाराजवळच मॅन ओ' वॉर या शर्यतीच्या घोड्याचा पुतळा आणि त्याखाली त्याची समाधी. 1917 सालचा जन्म. 1918 मध्ये तो 5000 डॉलरला विकला गेला. 21 शर्यती पळाला आणि 20 जिंकला. जी एक हरला त्या शर्यतीतल्या विजेत्याचं नाव अपसेट. पण मुलांना मी त्याच्यापेक्षा विल हारबटची गोष्ट सांगितली. हारबट हा कृष्णवर्णीय मोतद्दार. निवृत्तीनंतर फार्मवर मॅन ओ' वॉर बरीच वर्षं त्याच्याच हाताखाली राहिला. हजारो लोक घोडा पाहायला येत आणि हारबटच्या तोंडून त्याची कीर्ती ऐकून जात. ऑक्टोबर 1947 मध्ये हारबट वारला. त्याच्या मृत्यूच्या बातमीत मागे राहिलेल्यांमध्ये बायको-मुलांबरोबर मॅन ओ' वॉरचंही नाव होतं. 1 नोव्हेंबरला घोडाही गेला, तीस वर्षांचा होऊन. त्याचा अंत्यविधी रेडिओवरून ऐकवला गेला.

"सांभाळणारा सापडला," बाबा म्हणाले.

तिथून जवळच आणखी एक समाधी आहे, आयझॅक मर्फी या कृष्णवर्णीय जॉकीची. तिथं मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. 1875 मध्ये पहिली केंटकी डर्बी, म्हणजे इथली सगळ्यात नावाजलेली शर्यत, झाली तेव्हा पंधरापैकी तेरा जॉकी कृष्णवर्णीय होते आणि जिंकलेला ऑलिव्हर लुईसही. मर्फीनं 1884, 1890 आणि 1891 अशी तीनदा डर्बी जिंकली. 1896 मध्ये, पस्तिशीच्या आसपास, तो लेक्सिंग्टनमध्ये वारला आणि पुढे त्याची कबर कुठं आहे हेसुद्धा लोक विसरले. ती 1960 च्या दशकात शोधून काढावी लागली. दरम्यान वर्णद्वेषानं या मुलांना घोड्यावरूनच खाली उतरवलं. 1902 नंतर एकाही कृष्णवर्णीय जॉकीनं डर्बी जिंकलेली नाही. इतकी हिरवी, इतकी सुबक ही जागा ज्यांच्या हातांनी आणि मांड्यांनी उभी केली त्यांची नावं शोधावी लागतात, हे मला लागलं. मुलांना ते मी तिथंच, थंडीत उभं राहून, पूर्ण सांगितलं. मोठ्यानं नंतर गाडीत लुईसचं नाव परत विचारून घेतलं.

संग्रहालयात अरबी घोड्यांचं दालन आहे. आजचे सगळे थरोब्रेड नरांकडून तीन घोड्यांपर्यंत जाऊन पोचतात: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. अरबी घोडे आखाती बंदरांतून दख्खनलाही येत. भीमेच्या खोऱ्यात त्यांचा स्थानिक तट्टांशी संकर होत गेला आणि भीमथडीची जात झाली. अंगानं लहान, खुरानं पक्की, थोड्या चाऱ्यावर दिवसभर घाट चढणारी. मराठी फौजा याच घोड्यांवर फिरल्या. चंद्री त्याच रक्ताची होती, असं बाबा ठासून सांगतात.

शनिवार

बहिणीला आणि वहिनीला खरेदीला जायचं होतं, त्या गेल्या. बाकीचे आम्ही ओल्ड फ्रेंड्सला, दादाच्या घरापासून फार लांब नाही. केंटकीत एकच ठिकाण पाहता येणार असेल तर हे पाहा.

इथं शर्यतीतून आणि पैदाशीतून निवृत्त झालेले दोनशेहून जास्त घोडे राहतात. मायकेल ब्लोवेन हा बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राचा माजी चित्रपट समीक्षक. त्यानं 2003 मध्ये ही जागा सुरू केली. त्याच सुमारास एक बातमी आली होती. 1986 ची डर्बी जिंकलेला, 1987 चा सर्वोत्तम घोडा ठरलेला फर्डिनंड पैदाशीसाठी जपानला विकला गेला होता. तिथं त्याला मागणी उरली नाही आणि 2002 मध्ये तो कत्तलखान्यात गेला. डर्बीचा विजेता. ते ऐकून घोडेवाल्या माणसांची झोप उडाली. 1997 ची डर्बी जिंकलेला सिल्व्हर चार्मसुद्धा पैदाशीसाठी जपानमध्ये होता. त्याला 2014 मध्ये परत आणून इथं ठेवलं.

आम्हाला फिरवणाऱ्या बाईंनी बादलीभर गाजरं घेतली होती. पालथा नाही, सपाट तळवा, बोटं जुळवून, असं त्यांनी मुलांना शिकवायच्या आत बाबांनी शिकवून झालं होतं. जे घोडे खच्ची केलेले नाहीत त्यांना प्रत्येकाला स्वतंत्र कुरण, कारण म्हातारपणीही त्यांचं एकमेकांशी जमत नाही. हिवाळ्याची दाट लव अंगावर चढलेली, पाठीला खळगा पडलेला, गुडघे जाड झालेले. एक कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडा बाबांच्या कोटाला नाक घासत राहिला. कोटाला अजून भंडाऱ्याचा वास येत असावा.

तिथं बाबा बोलले. एसटी वाढल्या तेव्हा आजोबांचा टांगा बसला. टांगा विकला, पण चंद्रीला गिऱ्हाईक आलं तरी दिली नाही. घरात खाणारी तोंडं सहा आणि आजोबा शाळेत शिपाई म्हणून लागलेले, तरी चंदी बंद झाली नाही. आजी रोज भांडायची. एके दिवशी आजोबा तिला म्हणाले, "तिनं आपल्याला वीस वर्षं खायला घातलं." त्यानंतर आजी स्वतः तिला भाकरीचा तुकडा टाकू लागली. चंद्री त्यांच्याच दारात म्हातारी होऊन मेली. हे बाबांनी आम्हा भावंडांना याआधी कधी सांगितलं नव्हतं. दादानं ते त्या बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी उरलेली गाजरं बादलीसकट बाबांच्या हातात दिली.

संध्याकाळी मुलांच्या हट्टानं हॉर्स पार्कमधली नाताळची रोषणाई पाहिली. गाडीत बसूनच फिरायचं, मैलोगणती दिव्यांचे आकार, त्यात उड्या मारणारे घोडेही. मुलांना मजा आली, रांग मात्र फार होती.

रविवार

सकाळी पोहे, चहा, डबे. आईनं भंडाऱ्याच्या पुड्या प्रत्येकाच्या बॅगेत घातल्या.

आई-बाबांचं परतीचं तिकीट जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचं आहे. बाबांनी चहा पिता पिता दादाला विचारलं, "तारीख बदलता येते का रे?" शेजारीबुवांच्या ओळखीच्या एका फार्मवर फेब्रुवारीत घोड्या वितात, आणि त्यांनी बाबांना एक रात्र तबेल्यात बसायला बोलावलं आहे. आई म्हणाली, तिची हरकत नाही, पण महाशिवरात्रीच्या आत सासवडला पोचायचं. दादा लॅपटॉप घेऊन बसला. आम्ही निघालो तेव्हा तो बाबांना विचारत होता, खिडकीजवळची जागा हवी की आतली.